आधी मॅगझिन, मग स्लाइड

आमच्या मंडळाला नाव नाही, आणि ते बरंच आहे. नाव असतं तर कुणीतरी हौसेने बोर्ड रंगवून घेतला असता, आणि जुन्या पिस्तुलांच्या शौकिनांचा बोर्ड बदलापुरात लागल्यावर पुढची चौकशी पोलिसांनीच केली असती. आम्ही चौघं. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कुळगावात काकांच्या घरी जमतो. प्रत्येकाकडे परवाना आहे आणि घरातून निघताना तो बरोबर घ्यायचा, एवढी शिस्त आम्ही पाळतो.

संग्रह म्हणावा असं एकट्याकडे काही नाही. एका परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे आमचा संग्रह तीन गावांत आणि चार कपाटांत वाटलेला आहे. उल्हासनगरच्या शेठांकडे, म्हणजे कापडाच्या सिंधी व्यापाऱ्याकडे, एक स्पॅनिश आणि एक तळहातात मावणारं बेल्जियन. अंबरनाथच्या दाताच्या डॉक्टरांकडे एक चेक. माझ्याकडे वडिलांच्या मागे माझ्या नावावर झालेलं एक, चपट्या अंगाचं, बत्तीस बोअरचं. आणि काकांचं जर्मन. ते आम्हा सगळ्यांना आपल्याकडे असावंसं वाटायचं, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

काका माझ्या वडिलांबरोबर अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात अधिकारी होते. वडील गेले तेव्हा घरातल्या पुरुषमंडळींचं एकमत झालं होतं की बाईमाणसाला हे काय करायचंय, डीलरला देऊन टाका. काका एकटेच म्हणाले, "तिला विचारा ना." मग माझ्या अर्जांसाठी ते माझ्याबरोबर हेलपाटे घालत राहिले. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, स्प्रिंग आणि तरफ मला कुणी समजावून द्यायला नको होतं. पण हत्यार हातात कसं धरायचं, हे मला काकांनी शिकवलं. त्यांच्यावर माझा जीव आहे. बाकीच्या दोघांशी माझं नुसतं पटतं.

रविवारी बोलायचो ते फक्त या वस्तूंबद्दल. शेठ दाल-पकवान घेऊन यायचे, डॉक्टर भिंग घेऊन यायचे. अमुक पिस्तुलाचा निळा रंग मूळचा की मागाहून चढवलेला, यावर तासभर वाद चालायचा. शेठांनी एकदा आपल्या स्पॅनिशला गावातल्याच एका कारागिराकडून आरशासारखं निकेल करून आणलं आणि मोठ्या अभिमानाने दाखवलं. काकांनी ते पाहिलं, चहाचा कप उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन प्यायले. शेठ आजही म्हणतात, "मॅडम, चमकतंय तर प्रॉब्लेम काय आहे? लोक नवीन गाडी पण पॉलिश करतातच ना!"

या सगळ्या पोरखेळात एकच गोष्ट गंभीर होती. हत्यार दुसऱ्याच्या हातात देण्याची काकांनी घालून दिलेली पद्धत. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, काढून टेबलावर ठेवायचं. मग स्लाइड, म्हणजे नळीवरचं सरकतं आवरण, मागे खेचून धरायची. घेणाऱ्याने वाकून आत पाहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "रिकामं." त्यानंतरच हात पुढे करायचा. क्रम उलटा झाला, आधी स्लाइड ओढून सोडली आणि मग मॅगझिन काढलं, तर मॅगझिनमधली वरची गोळी नळीत जाऊन बसते आणि मॅगझिन काढलेलं पाहून आपण निर्धास्त होतो. तशी गोळ्या घेऊन बसायला आमच्यात बंदीच होती. तरीही काका सूट द्यायचे नाहीत. "ज्याचा क्रम चुकला त्याने या घरात पुन्हा हत्याराला हात लावायचा नाही. मी असलो तरी," असं ते म्हणायचे, आणि आम्ही माना डोलवायचो. ते स्वतः चुकतील असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्यांच्या जर्मनला मागच्या बाजूला, घोड्याच्या वर, एक बारीक पिन आहे. नळीत गोळी असली की ती किंचित बाहेर येते. काकांना तिचं भारी कौतुक. "अंधारात अंगठा फिरवला तरी कळतं," असं दर वेळी सांगून आमचे अंगठे त्या पिनवरून फिरवायला लावायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाली. एकटा राहणारा माणूस. त्यांनी मॅगझिन भरून ठेवलं आणि मग विसरून गेले.

त्या रविवारी त्यांनी कपाटातून जर्मन काढलं, बोलता बोलता स्लाइड ओढून सोडली, मग मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं आणि पिस्तूल माझ्यापुढे धरलं. टेबलावरच्या मॅगझिनच्या तोंडाशी गोळीचं पितळ चमकत होतं. आणि त्यांच्या अंगठ्याखाली पिन वर आलेली होती. साखरेमुळे त्यांच्या बोटांच्या टोकांना आता फारसं जाणवत नाही, हे मला ठाऊक होतं. ते बधिरपण त्या पिनपर्यंत पोचलंय, हे तेव्हा समजलं.

"काका, दाखवा ना आधी," मी म्हटलं.

त्यांनी नळी भिंतीकडे वळवली आणि स्लाइड ओढली. नळीतली गोळी तशीच बाहेर उडाली ती थेट शेठांच्या वाटीतल्या दाळीत.

मग शेठ म्हणाले, "हो जाता है, साहब, हो जाता है." काकांनी चमच्याने गोळी बाहेर काढली, रुमालाने नीट पुसली आणि पिस्तूल, मॅगझिन, गोळी, सगळं कपाटात ठेवून कुलूप लावलं. "दाळ दुसरी घ्या," एवढंच बोलले.

खाली उतरल्यावर आम्ही तिघं गेटपाशी उभे राहिलो. काकांनी आता पिस्तूल घरात ठेवू नये, यावर दुमत नव्हतं. शेजारी लहान मुलं असतात, त्यांच्याकडे येत-जात असतात. प्रश्न होता सांगायचं कुणी.

"मॅडम, आपही बोलो. आपकी बात साहब मानते हैं."

डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही घरच्यासारख्या आहात."

एका स्क्रूवर तासभर वाद घालणारे हे दोन बाप्ये, आणि एक वाक्य बोलायची वेळ आली की ताई पुढे! माझं डोकं फिरलं. तरी मी हो म्हटलं, कारण त्यांच्यापैकी एकाने ते सांगितलेलं मला सहन झालं नसतं. त्या घरात पत्नीचा फोटो सोडला तर काका ज्याच्याकडे रोज पाहतात अशी ती एकच वस्तू होती. ती सोडायला त्यांना मी सांगायचं होतं, आणि माझी मला सोडावी लागू नये म्हणून ते माझ्यासाठी भांडले होते.

वाक्यं तयार करण्यात दिवस गेले. एकही धड नव्हतं. तेवढ्यात निवडणूक लागली आणि हत्यारं जमा करण्याच्या नोटिसा आल्या. काकांचा फोन आला, "माझ्याबरोबर येशील का?" मी खरवईच्या माझ्या घरून रिक्षाने निघाले आणि वाटेत काकांना घेतलं. जाताना रिक्षात सांगून टाकायचं ठरवलं आणि रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलत राहिले.

पोलीस स्टेशनात हवालदारांनी माझं जमा करून घेतलं. मग काकांना म्हणाले, "साहेब, तुमचं उघडून दाखवा."

काकांनी पिस्तूल डब्यातून बाहेर काढलं आणि थांबले. हात स्थिर होता, पण पुढे जात नव्हता. मग माझ्याकडे न पाहता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आधी काय?"

"मॅगझिन," मी म्हटलं.

त्यांनी काढलं. रिकामंच होतं.

"मग?"

"स्लाइड."

त्यांनी ती ओढून धरली. हवालदारांनी नजर टाकली, "ठीक आहे" म्हणून हात पुढे केला. काकांनी पिस्तूल मागे घेतलं.

"वाकून बघा. आणि 'रिकामं' म्हणा."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते वाकले, म्हणाले, "रिकामं." काकांनी तेव्हा कुठे दिलं.

परतीच्या रिक्षात मी सुरुवात केली, "काका, मला जरा तुमच्याशी..."

"त्या दिवशी गेटपाशी तिघं उभे होतात. गॅलरीतून दिसतं," ते म्हणाले. "तुलाच पुढे केलं असणार. ते दोघं कसले बोलतायत!" मग बाहेर बघत म्हणाले, "तुझ्या परवान्यावर एक जागा रिकामी आहे ना? निवडणूक झाली की अर्ज करू. मी येईन तुझ्याबरोबर."

मी हो म्हणाले. मला रडू आलं आणि त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

ते खरंच आले. पुन्हा तेच हेलपाटे, त्याच खिडक्या, या वेळी मी त्यांचा हात धरून जिने चढत होते.

कागद पुरे झाल्यावर पहिल्या रविवारी मी जर्मन घेऊन त्यांच्या घरी गेले. शेठ आणि डॉक्टर आधीच बसले होते. मी मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं, स्लाइड ओढून धरली आणि काकांसमोर वाकले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ आत पाहिलं. पिनही पाहिली. ती आत गेलेली होती.

"रिकामं," ते म्हणाले.

मी पिस्तूल पुढे केलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, तिथेच राहिले. घ्या हो काका, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी स्वतःलाही सूट ठेवली नव्हती, ती मी कोण देणार.

मी वळून शेठांकडे धरलं. ते केव्हापासून वाट पाहत होते. त्यांनी लगेच हात पुढे केला.

"शेठ," काका म्हणाले, "आधी बघा."

शेठांनी हात मागे घेतला आणि वाकून पाहिलं.