कापड पिकू द्या

बोलता बोलता समोरच्याच्या कपड्याची कड चिमटीत धरायची, ही त्यांची सवय होती. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये कापड एक-दोनदा चोळायचं, नजर दुसरीकडेच, आणि मग निकाल: "अजून घाला. पिकू द्या." नवखा माणूस दचकायचा. केडगावात मात्र कोणी दचकत नसे. पोस्टमनची बाही, शाळेच्या बाईंचा पदर, मतं मागायला आलेल्या उमेदवाराचा कडक सदरा, सगळ्यांना एकच न्याय होता. उमेदवाराला त्या म्हणाल्या, "लई कच्चं हाय." तो माणूस पडला. निकालाचा आणि सदऱ्याचा काही संबंध नव्हता, पण आळीत तो बरेच दिवस जोडला गेला.

त्या गोधड्या शिवायच्या. आळी त्यांना मावशी म्हणायची, मीही तेच म्हणत असे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि त्यांच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहत होतो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, तरी हाक "ओ पेपरवाले" अशीच यायची.

गोधडी शिवणारी बाई तुम्हीही पाहिली असेल. दारापुढच्या जागेत कापड अंथरून ती त्याच्यावरच बसते आणि टाके घालत घालत सरकत जाते. मावशींकडे उन्हाळ्यात बायका बोचकी घेऊन येत: विरलेली लुगडी, धोतरं, मुलांचे तोकडे झालेले कपडे. मावशी बोचकं सोडून एकेक कापड चिमटीत धरायच्या. पिकलेलं ठेवायच्या, कच्चं परत द्यायच्या. नव्या कापडाची गोधडी टोचते, असं त्यांचं म्हणणं होतं.

एका घरच्या गोधडीत दुसऱ्या घरची चिंधी त्या घालत नसत. एकदा एका बाईचं कापड कमी पडलं. ती म्हणाली, "त्या शेजारणीचं उरलंय न्हवं, तेच टाका की." मावशींनी सुई थांबवली. "शेजारणीचा नवरा पांघरायचाय का तुला?" आसपासच्या बायका पुढे आठवडाभर त्या दोघींकडे बघून हसत होत्या.

आणखी एक रीत होती. प्रत्येक गोधडीच्या मधल्या थरात एक कपडा न कापता, सबंध ठेवायचा. म्हाताऱ्याची बंडी, मुलीचा परकर, काहीही. वरून तो दिसत नाही. "कशासाठी?" असं मी विचारलं होतं. बातमीला कारण लागतं, ही आमची सवय. "आमची आय ठेवायची," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

संतोष माझा ओळखीचा. सावेडीत त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. जिल्ह्यातल्या हाताच्या वस्तू इंटरनेटवरून विकायच्या, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने वेबसाइट तयार केली. बुरुडाच्या टोपल्या, घोंगड्या, मातीची खेळणी यांचे फोटो त्याने जमवले होते. इंग्रजी मजकूर मी लिहून देत असे. एका रविवारी तो स्कूटरवरून गोधडीच्या फोटोसाठी केडगावात आला.

"मावशी, एखादी तयार गोधडी दाखवा."

"तयार कुठली? शिवली की जाती ज्याच्या त्याच्या घरी."

"एकही नाही?"

"बाळा, न्हाव्याच्या दुकानात केस इकायला ठिवत्यात व्हय?"

शेवटी त्यांनी आत जाऊन खाटेवरची स्वतःची गोधडी आणली आणि दोरीवर टाकली. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, नागापूरच्या एका कारखान्यात मशिनवर होते. ते जाऊन काही वर्षं झाली होती. त्यांचे निळे गणवेशाचे शर्ट त्या गोधडीच्या दर्शनी बाजूला होते. मध्ये मावशींच्या आईच्या लुगड्याचे काठ होते, आणि मुलीचा शाळेचा फ्रॉक. एका कोपऱ्यात तळहाताएवढा काळपट डाग होता.

"हा डाग कसला?" संतोषने विचारलं.

"मशिनच्या तेलाचा. साबनाला दाद देत न्हाई." त्यांनी तो कोपरा नीट ताणून धरला. संतोषने फोटो काढला.

मी मजकूर लिहिला: निळ्या रंगातली पारंपरिक गोधडी, पूर्ण हातशिलाई. मजकुरात चूक काही नव्हती. दुकानाबाहेर शिंपी नमुन्याचा सदरा टांगतो तसं काही असेल, असं मावशींना वाटलं होतं. मलाही साधारण तसंच वाटलं होतं.

महिना-दीड महिन्याने संतोष पेढे घेऊन आला. मला सुट्टी होती म्हणून मी घरीच होतो, आणि मावशींची मुलगी राहात्याहून माहेरी आली होती. संतोषने कागद फडकवला. "मावशी, कॅनडा! साइटची पहिली ऑर्डर तुमची!"

"कोन हाय?"

"एक बाई आहे तिकडची. तिला फोटोतलीच गोधडी पाहिजे. म्हणते, कोपऱ्यातली ती काळी नक्षी फार आवडली."

मुलगी खळखळून हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पेढा परत खोक्यात ठेवला.

"ती तर माझी हाय."

"साइटवर फोटो म्हणजे माल, मावशी. तुम्ही दुसरी शिवा ना स्वतःला. मी नवं कापड आणून देतो, अख्खं ठाण."

"टोचतंय नवं."

"मग तिला तसलीच दुसरी शिवून द्या. निळे शर्ट मिळतील जुन्या बाजारात."

"कुनाचे?"

संतोष माझ्याकडे बघू लागला. पहिलीच ऑर्डर परत गेली तर पुढे कोण विश्वास ठेवणार, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. साइटसाठी त्याने क्लासची चालू बॅच अर्ध्यावर सोडली होती. मुलगी म्हणाली, "दे की आय. किती दिस त्याच चिंध्या उराशी धरशील? परदेसात जाईल तुजं काम."

मावशी म्हणाल्या, "उंद्या ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोधडी धुऊन दोरीवर टाकलेली दिसली. पाणी टिपकत होतं. ती जाणार, असं मी धरून चाललो. संतोष दुपारी खोकं घेऊन आला, तेव्हा ती वाळली होती. मावशींनी ती दारात अंथरली, मुलीने दोन टोकं धरली आणि दोघींनी घडी घालायला घेतली. घडी घालताना डागाचा कोपरा मावशींच्या हातात आला. त्यांनी तो चिमटीत धरला. बराच वेळ धरला. मग घडी सोडली.

"न्हाई जमायचं, बाळा."

संतोष खोक्यावर बसून राहिला. थोड्या वेळाने मावशींनीच विचारलं, "तिच्या घरात जुने कपडे न्हाईत का?"

"कुणाच्या?"

"त्या बाईच्या. लिवा ओ पेपरवाले. म्हनावं, ही माझ्या मानसांची हाय. तुझ्या मानसांचे कपडे धाडून दे, तुझी शिवून देते. पिकलेले धाड म्हनावं."

मी क्लासवर जाऊन ते इंग्रजीत लिहिलं. 'पिकलेले' या शब्दापाशी अडलो. पुष्कळ वापरलेले, मऊ झालेले, असं लिहिलं. संतोष शेजारी कपाळाला हात लावून बसला होता. "गिऱ्हाइकाकडून जुने कपडे मागवणारी जगातली पहिली कंपनी," तो म्हणाला. पत्र गेलं. उत्तर एका ओळीचं आलं: पाठवते.

पार्सल यायला पावसाळा उलटला. पोस्टमनने ते मावशींच्या दारात ठेवलं आणि उघडेपर्यंत तो तिथून हलला नाही. आळीतल्या बायका जमल्या. आत चौकड्यांचे जाड शर्ट होते, पडदा होता, स्वयंपाकघरातले फडके होते आणि एक जीनची पँट. "एवढं चांगलं कापड! अजून दोन दिवाळ्या निघाल्या आसत्या," एक जण हळहळली. मावशींनी पँट चिमटीत धरली. "ही शिवायची म्हंजी पत्र्याला टाके घालायचे." शर्टांवर मात्र त्या खूश होत्या. "पिकलंय. चांगलं पिकलंय. तिकडची मानसंबी झिजवून घालत्यात."

तळाशी एक पिवळं झबलं होतं. अगदी लहान. मानेशी, किमतीची चिठ्ठी अडकवायचा प्लास्टिकचा दोरा अजून तसाच होता. मावशींनी झबलं चिमटीत धरलं. या वेळी निकाल आला नाही.

"हे कुनी घातलंच न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या.

"चुकून आलं आसंल," मघाशी पँटसाठी हळहळलेली शेजारीण म्हणाली. "परत धाडा."

मी म्हणालो, "पत्र पाठवून विचारतो."

"नका इचारू." त्यांनी झबलं मांडीवर ठेवून त्याच्यावर हात ठेवला. "दिलंय की तिनं."

बायका एकेक करून गेल्या. पोस्टमनही गेला.

पुढचे काही दिवस मावशींच्या दोरीवर ते एकटं झबलं रोज वाळत असे. त्या ते सकाळी भिजवायच्या, पिळायच्या, उन्हात टाकायच्या. वाळलं की दारात बसून दोन्ही हातांनी चोळायच्या. दुसऱ्या कोणाची गोधडी त्या काळात त्यांनी हातात घेतली नाही. मी कामावर जाताना विचारलं, "पिकलं का मावशी?" तर म्हणाल्या, "येतंय." पिवळा रंग फिका होत गेला. मग एक दिवस दोरी रिकामी दिसली आणि त्या अंथरलेल्या शर्टांवर बसून टाके घालत होत्या. झबलं कुठे गेलं हे विचारायची गरज नव्हती.

गोधडी कॅनडाला गेली. पोचल्याचं पत्र आलं. त्यात दोनच गोष्टी होत्या: ऊब चांगली आहे, आणि मध्यभागी हाताला काहीतरी मऊ लागतं. मी ते मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, सुईत दोरा ओवला आणि माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून म्हणाल्या, "अजून घाला."

संतोषने साइटवर गोधडीच्या फोटोखाली नवी ओळ टाकली: आपले जुने कपडे पाठवावेत. त्या अटीवर दुसरी ऑर्डर आली नाही. घोंगड्या थोड्या गेल्या. पुढे साइट बंद पडली आणि संतोष पुन्हा पूर्णवेळ क्लास घेऊ लागला. माझीही नगरहून बदली झाली.

मावशी शेवटी मुलीकडे राहात्याला होत्या. त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. एका कामासाठी त्या बाजूला गेलो असताना घर शोधून काढलं. मुलगी अंगणात बसली होती. पुढे गोधडी अंथरलेली होती. वरची बाजू जीर्ण झाली की जुन्या गोधडीवर नवा थर चढवतात, तुम्हाला माहीत असेल. मावशींचं अंजिरी लुगडं त्या गोधडीवर पसरलेलं होतं आणि टाके निम्म्याच्या पुढे आले होते. निळे शर्ट, आजीचे काठ, शाळेचा फ्रॉक सगळं आत गेलं होतं.

"घरातली म्हनत हुती, गेलेल्या मानसाचं अंथरून टाकून दे," ती म्हणाली. "म्या न्हाई टाकलं. बसा की दादा."

मी बसलो. ती टाके घालत पुढे सरकत होती. अंजिरी लुगडं चारी बाजूंनी कडेपर्यंत आलं होतं. फक्त एका कोपऱ्यात तिने ते वीतभर आत दुमडून शिवलं होतं. कॅनडाच्या बाईला आवडलेली काळी नक्षी तिथे उघडी होती.