दुपारचं रडणं

मी चौतिशीत आले तरी मूल नव्हतं. यजमान पनवेलच्या कचेरीत कारकून होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मला तोंडावर कुणी काही बोलत नसे. पण मी दारात दिसले की समोरची शेजारीण कडेवरच्या बाळाचं तोंड पदरानं झाकून घ्यायची. सासूबाईंना ते दिसायचं.

शेवटी यजमानच म्हणाले, "ठाण्याला एक डॉक्टरीणबाई आहेत. दाखवून येऊ."

एसटीनं गेलो. बाईंनी दोघांनाही तपासलं. दोष कुणातच सापडला नाही. "तिशीनंतर दिवस राहण्याची शक्यता कमी होत जाते," त्या म्हणाल्या, "पण इतक्यात आशा सोडू नका." दोष सापडला असता तर बरं झालं असतं, असं मला येताना वाटत राहिलं. निदान कशावर तरी औषध घेता आलं असतं.

दारावर मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीला सगळं ठाऊक होतं. कोलंबी निवडून देताना एकदा ती म्हणाली, "बाय, माजा धाकटा झाला तवा मोठीचं लगीन झालेलं. तुमी कशाला धीर सोडताव?"

पस्तिशी उलटल्यावर मला दिवस राहिले. सासूबाईंनी माझं विहिरीवर जाणं बंद केलं, कळशी स्वतः उचलू लागल्या. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द मात्र नाही. कुणाला सांगितलंही नाही त्यांनी.

पाचव्या महिन्यात भाकरी थापताना कंबरेत कळ आली. सुईण धावत आली, पण तिच्या हातात काही राहिलं नव्हतं. मुलगी होती. मला दाखवली नाही. यजमान तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून खाडीकडे घेऊन गेले आणि परत आल्यावर कितीतरी वेळ मागच्या दारी हात धूत राहिले. कुठे ठेवलं, ते मी विचारलं नाही.

थोड्या दिवसांनी मला रडणं ऐकू येऊ लागलं. रोज दुपारी, घर शांत असताना. बारीक, थांबत थांबत. मी उठून दारात जायची. समोरचं बाळ झोपलेलं असायचं. मला वाटलं, मला वेड लागतंय.

एकदा अशीच दारातून परत वळले, तर सासूबाई माजघरात उठून बसलेल्या.

"कुणी नसतं बाहेर," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"तुझं नाही. माझं." त्यांनी पदर सारखा केला. "तुझ्या नवऱ्याच्या आधी दोन झाली होती. एक तर चांगलं बाळसं धरून गेलं. माझ्या मामंजींनी पुन्हा नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. मी नाही काढलं."

"अजून ऐकू येतं?"

"येतं. घाबरू नकोस. ते काही करत नाही."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी तांदळाचं सूप पुढे ओढलं आणि अर्धे तांदूळ माझ्याकडे सारले.

मला पुन्हा दिवस राहिले नाहीत. चाळिशी गेली, पाळी गेली. सासूबाई असेतो दुपारी आम्ही दोघी झोपायचो नाही, काहीतरी निवडत बसायचो. त्या गेल्या, मग यजमानही गेले. रडणं अजून येतं. आता मी दारात जात नाही. थांबेपर्यंत बसून राहते.