चंद्रीचा पान्हा आणि मामंजींचं नाव

आमच्या निलेशने छपरावरची टीव्हीची छत्री काढली आणि आमच्या म्हशीने दूध देणं बंद केलं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. येणार कसं? छत्री छपरावर, म्हैस गोठ्यात आणि मधे आम्ही शहाणी माणसं.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. घरात सासरे, त्यांना मी मामंजी म्हणते. सासूबाई, त्यांना आत्याबाई. माझा मुलगा निलेश आणि मी. निलेशचे वडील मुंबईला गोदामात कामाला, ते शिमग्याला आणि गणपतीला येतात. शिवाय चंद्री. चंद्री म्हैस आहे, पण घरच्या माणसांत धरायची, कारण मी सगळ्यात जास्त बोलते ती तिच्याशीच. माणूस समोर आलं की माझं बोलणं बंद. मामंजींसमोर तर लग्न होऊन आले तेव्हापासून माझं बोलणं म्हणजे 'हो', 'नाय' आणि 'चहा ठेवलाय'. चंद्रीपाशी मात्र मी इतकी बोलते की तिला उठून जावंसं वाटत असेल. (बांधलेली असते म्हणून बरं.)

मागच्या पावसाळ्यात तिचं पारडू दगावलं. पारडू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, सडाला हात लावू देत नाही. मी रोज तिच्यापाशी बसून पाठीवरून हात फिरवायचे, काय काय सांगायचे. एका संध्याकाळी तिने आपणहून पान्हा सोडला आणि तिथून पुढे सकाळ-संध्याकाळ चरवी भरायला लागली. वाडीत बोलबाला झाला की निलेशच्या आयेच्या हाताला गुण हाय. मी लाजले, पण खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. वरच्या वाडीतल्या एका बाईने तर मला त्यांच्या अडलेल्या म्हशीवरून हात फिरवायला बोलावून नेलं. मी हात फिरवला. म्हशीने लाथ मारून चरवी परसात धाडली. मी मनात म्हटलं, म्हशीचा स्वभावच वाईट.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना निलेश महाडच्या एमआयडीसीतून एक खोकं घेऊन आला. तिथे तो कारखान्यात पाळीवर जातो, मोटारसायकलने.

"आजे, आता छत्री इसर," तो आत्याबाईंना म्हणाला. "पाऊस आला की चित्र गेलं, ढग आला की चित्र गेलं. आता सगळं नेटवर. तुझी मालिका तुला कवाबी बघता येईल."

"कवाबी म्हंजे?"

"म्हंजे कवाबी. सकाळी बघ, दुपारी बघ."

"आणि ती माणसं कवाबी तयार असतात?" आत्याबाईंनी विचारलं.

आत्याबाईंची मालिका म्हणजे घरातलं घड्याळच होतं. संध्याकाळी ती लागायची, त्या अर्ध्यात डुलकी काढायच्या, म्हणून सकाळी तीच परत दाखवायचे ती बघायच्या. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज इतका मोठा की टीव्हीच्या भिंतीपलीकडे गोठ्यात मला सगळी गोष्ट पाठ. मालिकेचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यात घरातल्या कर्त्या माणसाचं नाव आहे आणि ते नेमकं आमच्या मामंजींचंच आहे. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, नवऱ्याचं बायकोने घ्यायचं नाही. त्यामुळे आम्ही दोघी मालिकेला 'आपली ती' म्हणायचो.

निलेशने छत्री उतरवून अंगणात ठेवली. (कोंबड्यांनी लगेच ताब्यात घेतली.) छपरावर हायवेच्या टॉवरकडे तोंड करून एक पांढरा डबा बसवला आणि आम्हाला रिमोट शिकवला. त्यावर सगळी अक्षरं इंग्रजी, माझी शाळा चौथीत संपलेली. पण अवघड ते नव्हतंच.

"वाचायला लागत नाय, आये. हे माइकचं बटण दाब आणि नाव बोल. टीव्ही शोधून आणतो."

म्हणजे टीव्हीशी बोलायचं. मी रिमोट आत्याबाईंच्या मांडीवर ठेवला आणि चुलीकडे गेले.

पण बोलायची वेळच आली नाही. निलेशची दुसरी पाळी होती, तो दुपारी निघायचा. जायच्या आधी आजीला मालिका लावून द्यायचा. आत्याबाई आता एका बैठकीत आठवड्याची गोष्ट संपवायला लागल्या. वर त्याने त्यांना आणखी एक बटण दाखवलं. सुरुवातीचं गाणं लागलं की ते दाबायचं, गाणं वगळून थेट गोष्ट. आत्याबाईंना ते फार आवडलं. गाणं सुरू व्हायच्या आत अंगठा तयार. संध्याकाळी घर एकदम शांत. मला वाटलं, काय बरं झालं.

आणि डबा बसला त्याच संध्याकाळपासून चंद्रीने पान्हा चोरला.

मी हात फिरवला. पेंड वाढवली. पारडू गेलं तेव्हा जे जे सांगितलं होतं ते सगळं परत सांगितलं, नवीन पण सांगितलं. थेंब नाही. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मामंजी म्हणाले, त्या पांढऱ्या डब्यातून लहरी येतात त्या म्हशीला लागल्या. निलेश म्हणाला, लहरी दिसत नाहीत. मामंजी म्हणाले, दिसत नाहीत म्हणूनच लागतात. पोलादपूरचे ढोरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी तपासून सांगितलं, "म्हशीला काही झालेलं नाही. घरात काही बदल झालाय का?"

"नाय," मामंजी म्हणाले. "सगळं तसंच हाय."

वाडीतल्या बायका माझ्या हातांकडे बघायला लागल्या. मीही बघायला लागले.

शेवटी मामंजींनी जेवताना सांगितलं, "अशी ती आटून जाईल. तुडीलच्या हमीदभाईला निरोप धाडलाय. उद्या येऊन बघेल. त्याचा गोठा मोठा हाय, सांभाळेल चांगली."

हमीदभाई भला माणूस, जनावराला जीव लावणारा, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण चंद्री गेली तर मी बोलायचं कुणाशी? 'नाय द्यायची' एवढे दोनच शब्द होते. ते ओठापर्यंत आले आणि मी म्हटलं, "आमटी वाढू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हमीदभाई येऊन ओटीवर बसले. मी चंद्रीला पाण्यावरून घरी आणत होते. पारूवहिनींच्या दारावरून वाट आहे. त्यांच्या छपरावर अजून छत्री. त्यांच्या टीव्हीवर 'आपली ती' सुरू झाली आणि सुरुवातीचं गाणं वाटेपर्यंत ऐकू आलं. चंद्री थांबली. कान उभे केले. आणि माझ्या डोळ्यांदेखत चारी सडांतून दूध ठिबकायला लागलं.

पारूवहिनी बाहेर आल्या. "अगो, तुझी म्हस माझ्या दारात दूध सांडतेय."

चंद्रीने आपणहून पान्हा सोडला त्याच दिवसांत ही मालिका नवी लागली होती. सकाळी पुन्हा दाखवायचे ती मालिका. संध्याकाळची मालिका. दोन्ही वेळा मी भिंतीपलीकडे चरवी घेऊन बसलेली. इतके महिने मी जो हात फिरवत होते, त्याचा या दुधाशी काडीचा संबंध नव्हता! गुण गाण्याला होता. आणि ते गाणं आत्याबाईंचा अंगठा रोज वगळत होता.

चरवी हाताशी नव्हती. ओढत ओढत चंद्रीला गोठ्यात आणेपर्यंत वहिनींकडचं गाणं संपलं होतं आणि सड परत कोरडे. आता पारूवहिनींच्या टीव्हीवर ते उद्या सकाळी लागणार. पण आमच्याकडे? आमच्याकडे कवाबी!

मी मागल्या दाराने आत गेले. "आत्याबाई, आपली ती लावा. गाण्यापासून."

"आता? मी सगळी बघितली."

"तुम्हाला नाय, चंद्रीला."

आत्याबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. सून खुळी झाली तर ती आजच होईल असा चेहरा. मी भराभर सगळं सांगितलं. त्यांनी रिमोट उचलला, माइकचं बटण दाबलं आणि तोंड उघडं ठेवून तशाच बसल्या.

"अगो," त्या कुजबुजल्या, "नाव घ्यायला लागेल."

"घ्या."

"मी? ह्यांचं? ते भायेर ओटीवर बसलेत. तू घे."

"मी सून हाय, आत्याबाई. मी कशी घेऊ?"

"मग निलेशला फोन लाव."

निलेशचा फोन पाळीत गेटवर जमा असतो. बाहेरून मामंजींचा आवाज आला, "चहा झाला का? मंग हमीदभाई गोठ्यात येतायत." रिमोट माझ्या हातातून त्यांच्या हातात, त्यांच्या हातातून माझ्या हातात. शेवटी आत्याबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला, टीव्हीसमोर ताठ उभ्या राहिल्या आणि लग्नात घेतलेलं नाव जसंच्या तसं म्हटलं,

"नाचणीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, अमुकरावांचं नाव घेते, सारे व्हा गोळा."

(अमुकराव मी घातलं. त्यांनी खरं घेतलं, आणि लाजल्या सुद्धा.)

टीव्हीने क्षणभर विचार केला आणि पडदाभर उखाणे घेणाऱ्या बायका आणल्या. नाकात नथ, अंगावर शालू, एकीनंतर एक.

"आत्याबाई, नुसतं नाव सांगायचं. उखाणा नको."

"उखाण्याबिगर नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हंजे हाक मारल्यासारखं. मी नाय घेणार." आणि मग पडद्याकडे बघत म्हणाल्या, "थांब जरा, ही बाई बरं घेतेय."

गोठ्याच्या बाजूने हमीदभाईंचा आवाज आला, "म्हस देखणी हाय हां, भाऊ." चंद्रीने हंबरून उत्तर दिलं. त्या हंबरण्याने माझं काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. मी रिमोट ओढून घेतला, बटण दाबलं, डोळे मिटले आणि चंद्रीला डोंगरावरून परत बोलावताना जो आवाज लावते तोच लावून ओरडले,

"घर दौलतरावांचं!"

"ओ," गोठ्यातून मामंजी म्हणाले.

मालिका आली. गाणं सुरू झालं. आत्याबाईंचा अंगठा सवयीने पुढे आला आणि त्यांनी ते वगळलं.

"आत्याबाई!"

"हात गेला गो."

परत मागे नेऊन लावलं. आवाज होता तेवढा सगळा सोडला, रिमोट कमरेला खोचला म्हणजे कुणाचा हात जायला नको, आणि चरवी घेऊन धावले. गोठ्यात मामंजी दाराकडे तोंड करून उभे. लग्न होऊन आल्यापासून ज्या सुनेचा धड आवाज ऐकला नाही तिने नावाने हाक मारली, आता काय पुढ्यात येतंय ते बघत. मी मान खाली घालून त्यांच्या बाजूने आत शिरले आणि खाली बसले. भिंतीपलीकडे गाणं दणाणत होतं. चंद्रीने कान उभे केले. पहिली धार चरवीच्या तळावर वाजली तो आवाज माझ्या अजून कानात आहे. बघता बघता फेस वर आला.

मग हमीदभाई म्हणाले, "भाऊ, ही आटलेली म्हस? मी आत्ताच्या आत्ता नेतो."

मामंजींनी दाढी खाजवली. चरवीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाय, काय करायचा?"

मामंजींनी माझं मत विचारलं ते हे पहिल्यांदा. एरवी मी चहा ठेवायला उठले असते. पण एकदा सासऱ्याच्या नावाने वाडी हालवल्यावर आणखी लाज धरून काय करायचं?

"नाय द्यायची," मी म्हटलं.

"ऐकलंस ना?" मामंजी हमीदभाईंना म्हणाले. "घरात मला नावाने हाक मारतात. माझं काय चालतंय?"

हमीदभाई इतके हसले की त्यांना गव्हाणीचा आधार घ्यायला लागला. "ठेवा म्हस तुमची," ते म्हणाले, "मला तो टीव्ही द्या." जाताना पांढरा डबा कुठून आणला ते विचारून गेले आणि मी काढलेल्या ताज्या दुधाचा चहा पिऊन गेले.

त्या डब्याचे माझ्यावर उपकार आहेत. निलेशचेही, त्याने छत्री काढली नसती तर हाताला गुण आहे या समजुतीत मी म्हातारी झाले असते. आत्याबाईंनी लग्नानंतर जपून ठेवलेलं नाव एका म्हशीसाठी खर्च केलं, तेही मी विसरणार नाही. आणि मामंजी त्यावरून मला आजवर एक शब्द बोलले नाहीत. उलट मला आता कधी कधी विचारतात, पाऊस कसा वाटतो, चारा पुरेल का. मी सांगते. नाचणीच्या रोपांवरून तर परवा आमचं थोडं वाजलंसुद्धा.

निलेश रात्री पाळीवरून आला तेव्हा सगळं ऐकून डोकं धरून बसला.

"अगो आये, नाव कशाला घ्यायचं? बघितलेली मालिका टीव्ही लावल्या लावल्या पयलीच दिसते. मधलं बटण दाबलं की लागते. एक शब्द बोलायला नको."

हे त्याने आधी सांगितलं नाही याबद्दल मी त्याची सगळ्यात जास्त आभारी आहे. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी मी माइकचं बटण दाबून सासऱ्यांच्या नावाने हाक मारते, ते जिथे असतील तिथून 'ओ' म्हणतात आणि चंद्री पान्हा सोडते. निलेश रोज विचारतो, मधलं बटण का दाबत नाहीस. मी सांगते, मला सापडत नाय. (रिमोटवर ते सगळ्यात मोठं आहे.)