सुगीच्या सणाचा कोंबडा

मला आफ्रिकेत जायचं होतं. रविवारच्या शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा होता, त्यातल्या आफ्रिकेवर मी लहानपणीच मनातल्या मनात बोट ठेवलं होतं. पुढे पाळकाशीच, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूशीच, लग्न झालं तेव्हा बोट बरोबर पडलंय अशी खात्रीही झाली. पन्नाशीला टेकल्यावर एकदाचा योग आला. मी गुडघ्यापर्यंतचे बूट घेतले, मच्छरदाणी घेतली, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या घेतल्या. व्हिसा मिळाला नाही.

मग गावच्या आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, एवढी प्रार्थना झालीच आहे तर ती फुकट कशाला घालवा म्हणून की काय, आम्हां नवराबायकोला बंगळूरला धाडलं. नोकरीला गेलेली आपली मराठी ख्रिस्ती मुलं तिथे विखुरलीत, त्यांना एकत्र आणा, असं काम. निरोपाच्या दिवशी आमचा उल्लेख 'परदेशी निघालेले सेवक' असाच झाला, कारण भाषण आधीच लिहून तयार होतं. बूट मी सोबत घेतले. ते तिथे एकदाच उपयोगी पडले.

बनशंकरीत आम्हाला एका बैठ्या घरावर चढवलेला वरचा मजला मिळाला, पुढे मोकळी गच्ची. खाली मालकीणबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मग आम्हीही. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांची मराठी अशी जुनी आणि कानडीत मुरलेली, की पहिल्या दिवशी त्या बोलायला लागल्या आणि मला वाटलं, आलो बाबा परदेशात. अक्का देवपूजा करणाऱ्या, अंडंसुद्धा न खाणाऱ्या. मी जरा गंभीर चेहरा करून सांगितलं की आम्ही इथे सेवा करायला आलोय. त्या म्हणाल्या, "सरी, बरं. आधी जेवा."

आणि ते तसंच चालू राहिलं. सेवा करायला आलेली मी, आणि पाण्याचा टँकर अक्का मागवणार, रिक्षावाल्याशी अक्का भांडणार, आमच्या ह्यांना ताप आला तर मिरे घातलेलं सारू अक्का वर पाठवणार. मी रोज रात्री देवाला सांगायचे, मला कुणाच्या तरी उपयोगी पाड. सकाळी अक्का विचारायच्या, इडली किती पाठवू.

रविवारी गच्चीवर उपासना. मुलं मारतहळ्ळीहून, एचएसआर लेआउटहून यायची, त्यामुळे दहाची उपासना ट्रॅफिकच्या कृपेने अकराला सुरू व्हायची आणि शेवटचं कुटुंब बरेचदा थेट आशीर्वादालाच पोचायचं. मूठभर माणसं. पेटी हे वाजवायचे, तबला म्हणून एक प्लॅस्टिकची बादली. पण आपल्या भाषेत गाताना ती लॅपटॉपवाली मुलं अशी काही सुटायची की समोरच्या इमारतीतले लोक बाल्कनीत यायचे.

वर्ष सरत आलं आणि गावाहून फोन आला. मंडळीचे मोठे पंच स्वतः पाहायला येणार होते. मूठभर लोकांसाठी दोन माणसं तिथे ठेवायची का परत बोलवायची, ते त्यांच्यावर होतं. फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की आफ्रिका राहू दे, मला बनशंकरीच सोडवत नाहीये. आमचे हे शांतपणे म्हणाले, देवाची इच्छा असेल तसं होईल. मी म्हटलं, होईलच, पण आपण जरा हातभार लावू. आणि मी सुगीचा सण जाहीर केला.

गावाकडे या सणाला मोठी मजा. उपासनेत लोक शेतातलं पीक आणून ठेवतात: कणसं, भोपळे, मेथी, अंडी. मग त्याचा लिलाव. सगळ्यात शेवटी कोंबडा. त्याची रीत अशी, की जो घेईल त्याने तो घरी न्यायचा नाही. 'परत देवाला' म्हणायचं, की पुन्हा बोली. असा तो कोंबडा अख्ख्या मंडळीतून फिरतो आणि लोक हसून हसून दमले की सण संपतो.

इथे पीक कुणाचं असणार? एकाने बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी आणली. एकीने कुंडीतलीच दोन कारली, बाळाला आणावं तशी दुपट्यात गुंडाळून. एकाने चिठ्ठी ठेवली, 'लॅपटॉप दुरुस्ती, एक तास'. कोंबडा मात्र मी खरा आणला, आदल्या दिवशी, आणि गच्चीवर बांधला. अक्का वर आल्या. त्यांच्या घरात हे चालणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, अक्का, उद्यापर्यंतच. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, उपाशी दिसतो. सकाळी पाहिलं तर त्याच्यापुढे भाताची वाटी होती.

रविवारी पंच पुढच्या खुर्चीवर येऊन बसले आणि त्यांनी मान वळवून रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. आमच्या ह्यांनी 'आपण प्रार्थना करू या' म्हटलं की कोंबडा आरवायचा. पंचांनी डोळे मिटलेलेच ठेवले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

लिलावाला मी उभी राहिले. कारली गेली, कढीपत्ता गेला. कोंबडा सोडायला गेले आणि तो माझ्या हाताला चोच मारून उडाला, थेट पाण्याच्या टाकीवर. मग जे झालं त्याला उपासना म्हणता येणार नाही. पोरं टाकीभोवती उभी राहून चर्चा करू लागली; एक म्हणे डावीकडून जाऊ, एक म्हणे ड्रोन आहे का कुणाकडे. मी आत जाऊन आफ्रिकेचे बूट चढवले, कारण तो पायांवर यायचा, आणि साडी खोचून शिडी चढले. बाल्कन्या भरल्या. समोरचे लोक कानडीत सूचना देत होते. कोंबडा माझ्या डोक्यावरून गेला आणि गच्चीच्या दारात भाताची वाटी घेऊन उभ्या असलेल्या अक्कांच्या पायाशी जाऊन उतरला.

बोली सुरू झाली. एचएसआरच्या मुलाने जोशात घेतला आणि एकदम गप्प झाला, बहुधा भाड्याचा फ्लॅट आठवून. रीत सांगताच तो इतक्या घाईने 'परत देवाला' म्हणाला की सगळे फुटले. कोंबडा फिरू लागला. समोरच्या बाल्कनीतूनही एक बोली आली. आणि त्या गदारोळात, बूट घातलेली मी, घाम पुसत उभी असताना, मला वाटलं, हे असंच असणार. मी विश्वास सामानात भरून आणला होता, कुणाला तरी देईन म्हणून. तो तर आधीच इथे हिंडत होता, कुणाच्याच हातात न राहता, आणि भाताच्या वाटीशी उतरत होता.

तेवढ्यात अक्कांनी बोली लावली. सगळ्यांच्या वर. आणि कोंबडा उचलून काखेत घेतला.

पंच उठून समजावू लागले, बाई, घेणाऱ्याने परत द्यायचा असतो.

"देते की," अक्का म्हणाल्या. "पुढच्या सणाला देते. कापणार नसाल तर. तोवर खाली परसात राहील."

"पुढच्या वर्षीचं अजून ठरलेलं नाही," पंच म्हणाले.

"मग कुणाच्या हातात देऊ? हे दोघं असले तर आणते. नसले तर नाही. स्वल्प विचार करा, कॉफी आणते."

त्या कोंबड्यासकट जिना उतरल्या. पंचांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, समोरच्या भरलेल्या बाल्कन्यांकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे पाहिलं.

"यांना ठेवायलाच लागतंय," ते आमच्या ह्यांना म्हणाले. "देवाचा कोंबडा अडकलाय इथे."

कोंबडा परसात आहे. पहाटे आरवतो, आणि गल्ली मला बोल लावते.