पानात काय वाढायचं

यंदा पितृपक्षात यांचं पान पहिल्यांदाच माझ्या हातून वाढायचं होतं. दिवसकार्याच्या वेळी सगळं भाऊबंदांनी पाहिलं, मी आतल्या खोलीत बसून होते. वर्षश्राद्धाला भटजींनी सांगितलं तसं झालं. पितृपक्षाचं मात्र घरातल्या बाईनं रांधायचं. खीर, वडे, अळू, भोपळा हे सगळ्यांच्याच घरी असतं. आमच्याकडे त्याशिवाय गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते एका द्रोणात वेगळं वाढतात. मासळी असली तरी चालते. सासऱ्यांच्या पानाशी दरवर्षी विडी ठेवतो.

यांच्या द्रोणात काय वाढायचं याचा मला विचारच करावा लागला नाही. सुकट. आदल्या दिवशी कर्जतच्या बाजारातून घेऊन आले. स्वच्छ, गुलाबी, वाळू नसलेली मिळाली म्हणून बरंही वाटलं.

माझं माहेर पेणच्या पलीकडे, खाडीच्या काठाला. आमच्याकडे पावसाळ्यात दुसरं काही नसलं तरी सुकटीचा डबा भरलेला असायचा. लग्न होऊन मी दहिवलीच्या पुढे या गावात आले तेव्हा इथे डाळभात, वालाचं बिरडं, पालेभाजी. चांगलंच असायचं, पण माझा घास फिरायचा. सांगणार कोणाला? मला माणसांत तोंड उघडायची लाज. मी दोन घास खाऊन उठायचे. सासूबाई म्हणायच्या, "पाखरागत खातीय."

हे तेव्हा रसायनीला कारखान्यात नवे लागले होते. एकदा पाळी सुटल्यावर घरी आले ते सायकलच्या हँडलला एक पुडी लटकवून. पुडी सासूबाईंच्या पुढे ठेवली आणि म्हणाले, "आई, आज सुकट कर. मला खावीशी वाटतीय."

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुला?"

"कारखान्यात सगळे डब्यात आणतात. लागली गोडी."

"मला नाय जमायची. हिला सांग, खाडीवरची हाय ती."

त्या दिवशी मी पहिल्यांदा या घरात पोटभर जेवले. यांनी पण भात कालवून कालवून खाल्ला, वर लिंबू पिळून घेतलं. मग ते ठरूनच गेलं. आठवड्याला पुडी यायची. मी कांदा परतून, आमसूल टाकून करायचे. मी भाजायला घेतली की हे म्हणायचे, "मी जरा बांधावर जाऊन येतो." शेताची केवढी काळजी, असं मला वाटायचं.

कारखान्याचा वास अंगाला लागलेला असायचा. घरात शिरायच्या आधी मागच्या पडवीत अंघोळ करायचे, कपडे तिथेच बादलीत. मग मुलीला उचलून घ्यायचे. आम्हाला एकच मुलगी. लोक बोलायचे, एका पोरीवर थांबला, पुढं कोण बघंल. हे म्हणायचे, "आता मीच बघतोय ना तिच्याकडं, मग झालं." तिला शाळेत सायकलवर मागे बसवून न्यायचे. माझा हात दुखायचा त्या वर्षी तिची वेणी पण तेच घालायचे, इतकी घट्ट की तिच्या भुवया वर जायच्या. दारातून जाणाऱ्या बाया हसायच्या. हे पेडातून नजर न काढता म्हणायचे, "तुमची पण घालून देऊ काय?" बाया पळायच्या.

तिथीच्या दिवशी सकाळी मुलगी बदलापूरहून आली. ती मागच्या दारी नारळ खवायला बसली. मी सुकट भाजायला तवा ठेवला. तेवढ्यात खालापुराहून माझी नणंद आली, यांची थोरली बहीण. सणावारी यायच्या त्या, आणि सणाला सुकट कुठली. त्यामुळे यांना ती खाताना त्यांनी कधी बघितलं नसणार. वन्सं पायरीवरच थांबल्या, नाकाला पदर लावला.

"कसला वास गं हा? आज पितरांचं हाय ना?"

"सुकट, वन्सं. यांच्या द्रोणात वाढायला."

"कोणाच्या?"

"यांच्या."

त्या पायरीवरच बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "अगं, वास आला तरी ओकायचा तो. शेजारी कोणी सुकट भाजली का ताट उचलून गोठ्यात जाऊन बसायचा. बैल बरा म्हणायचा, वास मारत नाय. आई सांगायची, याला खाडीवरची बायको करू नका, उपाशी मरंल."

"पण आवडीनं खायचे ते."

"तो? मग काय जादू केलीस बाय त्याच्यावर?"

मी गॅस बंद केला. मला रडू आलं नाही, भीती वाटली. पुडी, लिंबू, बांधावर जाणं, सगळं एकदम उलटं होऊन माझ्यासमोर उभं राहिलं. सासूबाईंना ठाऊक असणारच. त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. वाईट याचं वाटलं की पान तर दुपारच्या आत ठेवायचं, आणि यांना काय आवडतं हे मला माहीत नाही. गेल्यावर पहिल्यांदा माझ्या दारी जेवायला येणार आणि मी पुन्हा तेच वाढणार? समोर असते तर खाल्लंही असतं, त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

"वन्सं, मग त्यांना आवडायचं काय?"

"आमच्या घरात आवडनिवड कोण विचारायचं गं? एवढी माणसं, एक भाताचा टोप. असंल ते खायचं नि उठायचं." मग म्हणाल्या, "वडे ठेव. वडे कोणाला आवडत नाय?"

वडे तर सगळ्यांच्याच पानात होते.

मुलगी खवलेला नारळ घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "आई, तुला खरंच माहीत नव्हतं?"

"तुला माहीत होतं?"

"सुकटीचं नाय. पण आजी गेल्यावर तू मामाकडं जायचीस ना, आमी दोघंच घरी, माझी शाळा नि त्यांची ड्युटी. तेव्हा बाबा भाकरी करायचे."

"यांना भाकरी यायची?"

"भाकरी कसली, नकाशे. ते कुस्करायचे नि गरम दूध, गूळ. आमी एकाच पातेल्यातून खायचो. रोज तेच, तू येईपर्यंत. बाबा पातेलं बोटानं पुसून घ्यायचे. मला म्हणायचे, आईला सांगू नको."

"का पण? मी केलं नसतं का?"

तिनं नारळ ओट्यावर ठेवला. "दूध केवढं असायचं घरात? मला पेलाभर, नि राहिलेल्याचा तुझा चहा. बाबा चहा घ्यायचे नाहीत. म्हणायचे, तिला चहाशिवाय उभं राहवत नाय, ती नाय तोवर आपण दूध खाऊन घेऊ."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे तुझ्या चहानं माझ्या भावाचं दूध पळवलं." बोलल्या चेष्टेत, पण माझ्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

मी तांदळाच्या पिठाची उकड काढली. भाकरी थापली, भाजली, गरम असतानाच कुस्करली. खिरीला घेऊन राहिलेलं दूध तापवलं आणि सगळं त्यावर ओतलं. गूळ चिरून टाकला.

मुलगी वाकून बघत होती. "अजून. एवढ्यानं बाबांचं काय होतंय."

मी अजून टाकला.

"अजून गं."

वन्सं म्हणाल्या, "घाल, घाल. आता त्याला कोण साखरेचं औषध देतंय."

द्रोण भरला, पानात ठेवला. पान कोणी न्यायचं यावर एरवी चर्चा झाली असती. वन्संनीच मुलीला सांगितलं, "तू ठेव. त्याला दुसरं कोण हाय?" ती शिडीवरून पडवीच्या पत्र्यावर चढली. मी खालून शिडी धरली होती. काहीतरी बोलावं असं वाटलं, पण वन्सं शेजारी होत्या, मला लाज वाटली. मनातल्या मनात म्हणाले, सावकाश जेवा.

ती उतरली. हात धुतले. सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. चहा ठेवायला गेले तर पातेल्यात दुधाचा थेंब नव्हता. आम्ही तिघींनी कोरा चहा घेतला.