कुंदाताईंच्या नावाची नळी

अकोल्याहून रोज सकाळच्या बसने आमच्या लॅबमध्ये बर्फाचा डबा येतो. तिकडे न होणाऱ्या तपासण्यांचे नमुने त्यात असतात. दीड महिन्यापूर्वीच्या एका मंगळवारी मी डबा उघडून नळ्या स्टँडला लावत होते. तिसऱ्या नळीवरचं नाव वाचलं आणि हात थांबला. कुंदा वानखडे, वय सत्तावन्न, अतिदक्षता विभाग. या नावाच्या बायका अकोल्यात काय कमी असतील, असं मी स्वतःला समजावलं. पण आमच्या कुंदाताई सुटी घेऊन भावाकडे अकोल्यालाच गेल्या होत्या, आणि दोन दिवस फोन उचलत नव्हत्या...

अमरावतीच्या आमच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. शरीरात कुठे संसर्ग पेटला की रक्तात काही प्रथिनं वाढतात. ती मोजायचं टेबल आम्हा दोघींचं. एकदा चांदूर बाजारची एक बाळंतीण आली होती. अंगात थंडी भरलेली, दात वाजत होते, आणि मशीनवर आकडा आला जवळजवळ निरोग्याचा. मी रिपोर्ट छापायला घेतला तर ताईंनी कागद ओढला. "काहून घाई करतं व? बाईकडे पाह्यलं का तू?" ते प्रथिन फारच जास्त झालं तर कधीकधी चाचणीच फसते आणि आकडा खाली दिसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ताईंनी नमुना पातळ करून पुन्हा लावला, आणि आकडा कितीतरी पटींनी वर गेला. त्या रिपोर्ट घेऊन स्वतः डॉक्टरांकडे धावल्या. बाळंतीण वाचली. मी मात्र कित्येक दिवस घाबरत होते, की याआधी असे किती रिपोर्ट मी छापून दिले असतील...

दुसऱ्यांच्या रक्ताबद्दल एवढ्या जागरूक असलेल्या ताई स्वतःच्या रक्ताला भीत. तपासणीचं नवीन किट आलं की आम्ही सगळे आपलं थोडं थोडं रक्त तपासून पाहायचो. ताई म्हणायच्या, "माहं नको." आम्ही हसायचो. त्यांना साखरेचा आजार होता, पायाला न भरणारी जखम होती, ती त्या मोज्यात लपवत होत्या, आणि संसर्ग तिथूनच पसरला, हे आम्हाला नंतर त्यांच्या भावाकडून कळलं.

त्या मंगळवारी मीच प्लेट लावली, म्हणजे बारीक खळग्यांच्या ताटलीत एकेकाचा नमुना घातला. शेवटच्या टप्प्यात प्लेटच्या खळग्यांना पिवळा रंग चढतो. रंग जितका गडद तितका आकडा मोठा. इतर खळगे फिकट होते. ताईंचा खळगा हळदीसारखा झाला. यंत्राला मोजता येईल त्यापेक्षाही वर. मी नमुना पातळ केला, पुन्हा लावला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपली चूक निघावी. निघाली नाही. रिपोर्ट पाठवला आणि तेवढ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. भावाने फोन त्यांच्या कानाला लावला होता.

"रेखा, माहं ब्लड आलं असन तुह्याकडे. किती आलं?"

"ताई, नमुना रस्त्यात गरम झाला असन... बसचं काही सांगता येत नाई."

"दुसऱ्यांदा लावून पाह्यलं?"

"हो."

"तोच आला?"

मी रिपोर्टची प्रत टेबलावर पालथी ठेवली.

"सांग व. दुसऱ्याच्या तोंडून नाई आयकाचं मले."

मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "भेव लागून राहिलं व, रेखा."

"मलेबी, ताई," एवढंच मला बोलता आलं. 'बऱ्या व्हाल' म्हणायची हिंमत झाली नाही. त्यांना तो आकडा माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

डॉक्टरांनी औषध बदललं. दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले. पाच मिनिटं आत सोडलं. ताईंना बोलवत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि त्यांचा अंगठा माझ्या कोपराच्या खळीत सवयीने शीर शोधू लागला. सापडल्यावर तिथेच थांबला. मी हात तसाच राहू दिला. शुक्रवारी सकाळी ताई गेल्या.

प्लेट लावताना, ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा एक नमुना सोबत लावावा लागतो. तो बरोबर आला तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. सुटीवर जाण्याआधी ताईंनी तो छोट्या नळ्यांत भरून, प्रत्येक टोपणावर मार्करने तारीख घालून फ्रीजरमध्ये ठेवला होता. त्यांच्या हातचा 7 मधोमध आडव्या रेघेने कापलेला असतो. प्रत्येक प्लेटला एक नळी संपते. काल पाहिलं, चार उरल्यात. नवीन भरायला हव्यात, त्यांच्यावर माझं अक्षर पडेल, आणि त्यांच्या भरवशावर कुणाकुणाचे रिपोर्ट जातील... मार्कर आणून ठेवलाय. अजून उघडलेला नाही.