पत्ता कोणाला विचाराल?

आमच्या वन्संइतकी दुसऱ्याच्या चेहऱ्याची काळजी वाहणारी बाई अख्ख्या नाशकात सापडायची नाही, आणि त्या काळजीपायी माणसाच्या डोक्याला त्यांच्याइतका ताप देणारीही नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांचं वय ब्याऐंशी, माझं शहात्तर. फोटोतलं मला काडीचं कळत नाही, असं त्या पन्नास वर्षं माझ्या तोंडावर सांगत आल्या आहेत. मी चौथी शिकलेली बाई. बाकी पुष्कळ गोष्टी मला कळत नाहीत आणि त्याचं मला दुःखही नाही. पण स्वतःच्या नवऱ्याचा फोटो कोणता चांगला, हेही मला कळत नाही म्हणे, आणि बसस्टँडवर शेंगदाणे खात उभ्या असलेल्या माणसाला कळतं! हा अपमान मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

वन्संना लग्नानंतर चारच वर्षांत वैधव्य आलं आणि त्या माहेरी परतल्या. रडत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मेन रोडवरच्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी काम धरलं. तेव्हा फोटो धुतल्यावर काचेवर ठेवून, टोकदार पेन्सिलीने लोकांच्या चेहऱ्यावरचे फोड, वण, सुरकुत्या झाकायच्या असत. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नाकं साफ केली. गिऱ्हाइकाला तीन फोटो दाखवून एक निवडायला सांगत, आणि वन्संचं म्हणणं असं, की पस्तीस वर्षांत एकाही माणसाने स्वतःचा बरा फोटो निवडला नाही. "माणूस स्वतःला आरशात बघतो गं. भांग त्या बाजूला, तीळ त्या बाजूला. फोटोत सगळं उलटं आलं की त्याला वाटतं आपण वाकडे आलो. लोकांना तोच सरळ दिसतो." बरं, माणूस चुकतो तर चुकतो, मग त्याच्या बायकोला विचारा, आईला विचारा. तर तेही नाही! घरच्याचं मत धरायचं नाही, हा त्यांचा कायदा. शेजारी बाद, मैत्रिणी बाद. "घरची माणसं फोटो बघतच नाहीत, माणूस आठवत बसतात," असं त्या म्हणतात. ज्याने त्या माणसाला जन्मात पाहिलेलं नाही त्याच्यासमोर तीन फोटो धरायचे, आणि तो ज्यावर बोट ठेवील तो खरा.

आणि हे लोकांना "कोणता फोटो छान आहे?" असं सरळ विचारतील तर त्या वन्सं कसल्या? छान म्हटलं की लोक साडी बघतात, असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी आपले प्रश्न ठरवून ठेवले आहेत. लग्नाच्या मुलीचा फोटो असेल तर, "हिच्या हातचा चहा प्याल का?" नोकरीच्या अर्जाला लावायचा असेल तर, "चार दिवस गावाला जाताना घराची किल्ली कोणाकडे ठेवाल?" आणि म्हाताऱ्या माणसाचा असेल तर, "परक्या गावात उतरलात, तर यातल्या कोणाला पत्ता विचाराल?" शेजारच्या मास्तरीणबाईंनी मुलीचे फोटो मोठ्या हौसेने काढून आणले होते. दागिने, पांढराफेक चेहरा, मागे खोटा धबधबा. सोबत सहलीतला एक, उन्हात डोळे बारीक केलेला, केस विस्कटलेले. वन्सं दोन्ही घेऊन रिक्षा थांब्यावर गेल्या. एक रिक्षावाला धबधब्याच्या फोटोकडे बघून म्हणाला, "पिईन चहा, पण बशीत ओतून प्यायचा धीर नाय होणार, आजी." आणि दुसऱ्याकडे बघून म्हणाला, "हिला मात्र आणखी अर्धा कप मागेन." झालं! मास्तरीणबाई रडकुंडीला आल्या तरी स्थळांना तो विस्कटलेल्या केसांचाच फोटो गेला. त्याच फोटोवर लग्न जमलं ही गोष्ट वेगळी. पण उद्या न जमतं, तर मास्तरीणबाईंनी कोणाच्या दारात जाऊन भांडायचं होतं, रिक्षावाल्याच्या?

एकदा तर आमच्या चौकात निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका गृहस्थांचा भला मोठा फ्लेक्स लागला होता. वन्संनी त्याच्याखाली उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला किल्लीचा प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेवढ्यात ते गृहस्थ स्वतःच हात जोडत आले. मी वन्संचा पदर ओढत होते. त्या म्हणाल्या, "दादा, फोटो बदला. एवढे दात दाखवणाऱ्याकडे कोणी किल्ली ठेवत नाही." त्याने फोटो बदलला नाही आणि तो निवडूनही आला. मला वाटलं, आता तरी बाई गप्प बसेल. तर म्हणतात कशा, "मत देणं वेगळं. मत दिलं म्हणून कोणी किल्ली दिली का त्याला?"

हे सगळं मी सहन केलं, कारण ते दुसऱ्यांचं होतं. पण तीन वर्षांपूर्वी हे गेले. यांची सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात झाली. निवृत्त झाले त्या दिवशीचा यांचा एक फोटो आहे. अंगात कोट, खांद्यावर शाल, भांग कसा रेघ मारल्यासारखा. दशक्रियेला तो ठेवायचा आणि नंतर भिंतीला लावायचा, असं मी मनात नक्की केलं होतं. काच पुसून टेबलावर ठेवलाही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर फोटो नाही आणि वन्संही नाहीत. एकुलता एक भाऊ गेलेला, पोटात अन्नाचा कण नाही. मला वाटलं, गेल्या असतील गोदाकाठी, गंगेवर जाऊन बसायला. पार दिवेलागणीला परत आल्या. पिशवीतून तीन फोटो काढून टेबलावर मांडले. "सीबीएस स्टँडवर बावीस जणांना विचारलं," म्हणाल्या, "एकोणीस जण याला पत्ता विचारतील. कोटवाल्याला एकच, आणि तो पोलीस होता."

ज्याला एकोणीस मतं पडली तो फोटो कोणता, तर विंचूरला भाच्याच्या लग्नातला, पंगतीतला! सदऱ्याचं वरचं बटण उघडं, हातात जिलबीचा तुकडा, मान वळवून कोणाशी तरी बोलताना हे खदखदून हसताहेत, आणि पडलेल्या दाताची जागा उघडी. डाव्या कडेला कोणाचं तरी कोपर आलेलं, हिरव्या बांगड्यांचं. ते माझं. मी शेजारी बसले होते.

माझा इतका संताप झाला, की घरात सुतक आहे हेही मी विसरले. "वन्सं, भाऊ गेलाय तुमचा. आणि तुम्ही स्टँडवर मतं गोळा करत फिरता?"

"रडायला अख्खा जन्म आहे. भिंतीवर तो आल्यागेल्यासाठी राहणार."

"मी यांना आरशात नाही पाहिलेलं. बावन्न वर्षं समोरून पाहिलंय."

"समोरून कसलं पाहतेस? निम्मा वेळ तर तू त्याच्याशी भांडत होतीस."

मी हरले, कारण मुलगाही आत्याच्या बाजूने बोलला. शेवटी म्हटलं, निदान माझं कोपर तरी कापून टाका, गेलेल्या माणसाच्या फोटोत बाईचं कोपर कशाला? वन्संनी पिशवीतून आणखी एक प्रत काढली. तोच फोटो, बिनकोपराचा. स्टँडवर जायच्या आधी त्यांनी मेन रोडवर जाऊन तोही काढून घेतला होता. "कापून बघितलं," त्या म्हणाल्या. "कोपर काढलं की याला कोणी पत्ता विचारत नाही."

"का?"

"मला काय माहीत? मी लोकांना कारण विचारत नाही."

तर दशक्रियेला आमच्याकडे हा असा हसरा फोटो. भेटायला आलेली माणसं आधी फोटो बघून हसायची आणि मग आठवण होऊन तोंड पाडायची. हरसूलहून यांचे चुलतभाऊ आले, ते तर मोठ्याने म्हणाले, "लय हसतंय दादा! कोण काय बोललं रे त्याला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे एकदा वन्सं गावाला गेल्या होत्या, तेव्हा मी हा फोटो उतरवून कोटाचा लावला. त्याच दिवशी यांचे एक जुने सोबती आले. एरवी फोटोखाली बसून तासभर कारखान्यातल्या गमती सांगणारा माणूस, खुर्चीच्या टोकावर बसला, दोनदा घड्याळ बघितलं आणि पाणी पिऊन निघून गेला. संध्याकाळी मी पहिला फोटो परत लावला. धूळ पुसायला उतरवला होता, असं सुनेला सांगितलं. पण याचा अर्थ वन्सं बरोबर होत्या असा नाही. मला फोटो आवडत नाही तो नाहीच. चुलतभाऊ म्हणाले तेही मनातून जात नाही. त्या पंगतीत मी यांना काय बोलले होते, ते मला आठवत नाही. तीन वर्षं आठवून बघते आहे.

आता या दिवाळीपासून वन्संचे डोळे गेल्यात जमा आहेत. डॉक्टर म्हणतात आतला पडदा झिजला, इलाज नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस समोर आला तर त्याचे कान दिसतात, केस दिसतात, चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. जन्मभर चेहरे बघितलेल्या बाईला देवाने नेमकं हेच दुखणं द्यावं, याचाही मला रागच येतो. महिन्यापूर्वी त्यांनी मला हाक मारून तीन फोटो हातात दिले. त्यांचेच. "माझा भिंतीवरचा ठरवायचा राहिलाय. मला आता दिसत नाही. पण तू नाही ठरवायचास हं. लोकांना विचारून ये."

"मी? या वयात स्टॉपवर उभी राहू?"

"मी राहिलेच ना तुझ्या नवऱ्यासाठी."

गेले. काय करणार? सातपूरच्या बसस्टॉपवर शहात्तर वर्षांची बाई तीन फोटो पत्त्यांसारखे धरून उभी! कारखान्यातून सुटलेल्या एका कामगाराने तिन्ही बघून मान हलवली. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "आजी, मी गुगलवर बघेन." त्र्यंबककडच्या एका भाजीवालीने पाटी खाली ठेवून नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ही बाई लय कडक हाय. हीच मला पत्ता इचारंल, अन् चुकला तर रागावंल." बारा जणांना विचारलं. एकानेही कोणत्याच फोटोवर बोट ठेवलं नाही. तिन्ही फोटो सारखेच होते. खुर्चीत एकटी बसलेली बाई, हात मांडीवर, नजर समोर.

घरी येऊन मी सांगितलं, "दुसरा. सगळ्यांना दुसराच आवडला."

"सगळे कधी एका फोटोला म्हणत नाहीत," वन्सं म्हणाल्या. आणि मग, "एकालाही नाही ना?"

मी तिन्ही फोटो पदराने पुसायला लागले. त्यांनी फोटो परत मागितले आणि उशीखाली ठेवले.

त्या रात्रीचं जेवण त्यांनी तसंच ठेवलं. मला असली नाटकं आवडत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुनेला मोबाइल घेऊन समोर उभी केली, वन्संच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "वन्सं, खरं सांगू? यांचा कोटातलाच फोटो चांगला होता. त्या दिवशी चुकलात तुम्ही."

मग काय विचारता! बाई अशी गर्रकन वळली माझ्याकडे! हात वर, पदर खाली, "चौथी शिकलेली तू, मला फोटो शिकवतेस?" इथून सुरुवात करून माझ्या माहेरापर्यंत पोचल्या. सून म्हणाली, "आत्या, तुम्ही हललात." मी म्हटलं, राहू दे, हाच ठेव.

त्या फोटोत वन्संची नजर माझ्या तोंडावर नाही, कानाच्या जरा बाजूला आहे, कारण त्यांना मी तिथूनच दिसते. तोंड उघडं आहे. कडेला माझं कोपर आलंय. वन्सं रोज विचारतात, "दाखवलास का लोकांना?" मी रोज म्हणते, उद्या. एकदा ठरला की तो भिंतीवर लावायचाच उरतो, आणि मला त्याची घाई नाही. मला विचाराल, तर परक्या गावात उतरल्यावर मी त्या बाईलाच पत्ता विचारीन. पण मी घरची. माझं मत धरत नाहीत.